बाहेरचं लाकूड: प्रेशर मशीन की ब्रश-बादली?

रंधा_रंग
नमस्कार मंडळी. जुन्या लाकडाची डागडुजी, रंग काढणं, स्टेन-पॉलिश हा माझा धंदा, आणि त्यातही उन्हापावसात उभं असलेलं लाकूड जास्त. दारं-खिडक्या, कठडे, डेक, कुंपणाच्या फळ्या, बाकं.

हल्ली गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे प्रेशर मशीन आहे ना?" आहे म्हटलं की आपण आधुनिक. ब्रश-बादलीने करतो म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि दुसऱ्याला फोन लावतो. करड्या फळीवरून पाण्याचा फवारा सरकतोय आणि मागे पिवळंधमक लाकूड उघडं पडतंय, असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. तीच फळी वाळल्यावर कशी दिसते ते व्हिडिओत नसतं. तंतू उभे, मऊ रेषा खरवडून आत गेलेल्या, कडक रेषा वर आलेल्या. त्यावर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला की नुसते पट्टे.

माझं मत सरळ आहे. मळ काढायचा तो रसायनाने आणि ब्रशने. मशीन फार तर धुवायला. तुम्ही कसं करता? आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाला कसं पटवता?

पाचर
असहमत. मशीनला उगाच बदनाम करताय, दादा. दोष हाताचा असतो.

पाइन, देवदार अशा मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय (पाण्याच्या दाबाचं माप) भरपूर झाला. कडक लाकूड असेल तर १०००-१२००. त्याच्यावर जायचं कारणच नाही. नोझल पंख्यासारखा पसरणारा, ४० अंशाचा, फार तर २५ चा. शून्य अंशाचा तर मी पेटीतच ठेवत नाही, कोणीतरी चुकून लावतोच. फळीपासून एक फूट लांब धरायचा, रेषेच्या दिशेनेच फिरवायचा आणि ट्रिगर फळीच्या बाहेर असतानाच दाबायचा किंवा सोडायचा. फळीच्या मध्येच दाबला की तिथे चंद्रकोर उमटते, ती घासूनही जात नाही. एवढं पाळलं तर दिवसभराचं काम दुपारपर्यंत उरकतं. ब्रशने मोठा डेक करून दाखवा, मग बोलू.

भुगा
मशीनवाले विरुद्ध ब्रशवाले. धागा शंभरी गाठणार. मी इथेच कोपऱ्यात बसलोय.

रंधा_रंग
पाचर, तुमचे आकडे मान्य. पण मशीन तुमच्या हातात किती वेळ असतं आणि हाताखालच्या पोराच्या हातात किती? एखादा डाग निघत नाही म्हटलं की तो काय करतो? नोझल जवळ नेतो. एक फुटाचं अंतर चार बोटांवर आलं की दाबाचा काटा काहीही दाखवो, लाकडाला लागतो तो वेगळाच. रसायन आपलं काम करत असताना थांबायला शिकवणं सोपं, मशीन हातात असताना थांबायला शिकवणं अवघड.

सावली
मी या धंद्यातली नाही, घराचा कठडा स्वतः करायच्या विचारात आहे. सगळा करडा पडलाय. बोट घासलं की खडूसारखी पूड हाताला लागते. म्हणजे लाकूड कुजलं का? की वरचेवर साफ होईल?

कोरडी_फळी
सावली, करडं म्हणजे कुजलेलं नव्हे. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना चिकटलेले असतात. उन्हातले अतिनील किरण ते लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर सुटे तंतू राहतात. हाताला लागते ती पूड तीच. हा थर अगदी पातळ असतो. मऊ लाकूड नुसत्या ऊनपावसाने शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं, इतका हा कारभार संथ आहे.

कुजणं वेगळं. त्याला बुरशी लागते आणि बुरशीला सतत ओल लागते. एक जाड दाभण किंवा पेचकस घ्या आणि कठड्याच्या खांबांच्या बुंध्याशी, जोडांपाशी आणि खिळ्यांच्या आजूबाजूला टोचून बघा. बाकीच्या ठिकाणी जेवढा जोर लागतो तेवढाच लागला तर लाकूड शाबूत. लोण्यात गेल्यासारखा आत शिरला तर तिथे आधी सुतार, मग रंगारी.

करडेपणा काढायला सोडियम परकार्बोनेट वापरा. ही पांढरी भुकटी पाण्यात पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. पेरॉक्साइड फेसाळत मळ उचलतो, सोडा तेलकटपणा सोडवतो. आधी आजूबाजूची झाडं साध्या पाण्याने चिंब करा. मग फळी ओली करा, द्रावण खालून वर लावत जा म्हणजे ओघळांचे पट्टे राहत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि तेवढ्या वेळात वाळू देऊ नका. वाळायला लागलं तर पाणी शिंपडा. मग नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. तपकिरी फेस ओघळायला लागला की समजायचं, काम होतंय.

एक धोक्याची गोष्ट. उरलेलं द्रावण झाकण घट्ट लावून बाटलीत भरून ठेवू नका. त्यातून प्राणवायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. शिवाय काही तासांत त्याची ताकदही संपते. लागेल तेवढंच कालवा.

आडवातिडवा
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ब्लीच मारा, धुवा, मोकळे व्हा. मी तेच करतो. लाकूड पांढरंशुभ्र होतं.

कोरडी_फळी
पांढरंशुभ्र होतं हीच तर तक्रार आहे. लाकूड पांढरं नसतं हो.

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे तुमचं ब्लीच, बुरशी मारतं, ते काम ते झकास करतं. पण मळ आणि करडेपणा त्याने निघत नाही, फक्त रंग उडतो. जास्त कडक मारलं की उरलेलं लिग्निनही जातं आणि तंतू कापसासारखे पिंजून निघतात. खिळे-बिजागऱ्या गंजतात त्या वेगळ्याच. बुरशी असेल तर पातळ करून, तेवढ्याच जागी, आणि नंतर नीट धुऊन.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल किंवा अमोनिया मिसळायचा नाही. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. ज्या बादलीत सकाळी ब्लीच होतं त्याच बादलीत दुपारी डाग काढायचं ऑक्झॅलिक अॅसिड कालवणारे महाभाग असतात. बादल्या वेगळ्या ठेवा, रंगाने ओळखू येतील अशा.

भुगा
आता बादल्यांनाही रंग लावायचा. आधी त्या बादलीचं लाकूड कुठलं ते सांगा.

निळी_शाई
मंडळी, अगदी योग्य वेळी धागा निघाला. मी अडचणीत आहे.

ओकच्या दोन जाड झडपांचं मोठं दार. त्यावर जुन्या ऑइल व्हार्निशचे थरावर थर. कॉस्टिक सोड्याचं रिमूव्हर लावलं, व्हार्निश छान सुटलं, स्क्रेपरने काढलं, धुतलं. आणि दार काळंठिक्कर! मूळ रंग मधाळ असेल अशी अपेक्षा होती, हे जळक्या लाकडासारखं दिसतंय. शिवाय खिळ्यांच्या आणि जुन्या बिजागऱ्यांच्या भोवती निळसर काळे डाग, ते तर आणखी गडद. मालकीणबाई दारात उभ्या राहून बघताहेत आणि काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आता काय करू? रंधा मारून वरचा थर काढू का?

पाचर
रंधा खाली ठेवा. दार बिघडलेलं नाही.

जुनीखिडकी
पाचरशी सहमत. घाबरू नका, हे दोन वेगळे प्रकार आहेत.

सगळं दार काळवंडलं ते कॉस्टिकमुळे. कॉस्टिक सोड्याचा पीएच १३-१४ असतो. ओकसारख्या टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर असलेल्या लाकडाला इतकं क्षारी काही लागलं की ते गडद होतं. साग, महोगनीतही होतं, ओकमध्ये जास्त. हे आम्लाने परत फिरतं.

खिळ्यांभोवतीचे डाग म्हणजे लोखंड आणि टॅनिन. पूर्वी लिहायची काळी शाई याच दोन गोष्टींपासून करत. तुमच्या टोपणनावाला शोभेल असा प्रकार झालाय. यालाही ऑक्झॅलिक अॅसिड चालतं.

कोमट पाण्यात लिटरला साधारण ३० ग्रॅम ऑक्झॅलिक विरघळवा. प्लास्टिकची बादली, लोखंडी नको. हातमोजे, चष्मा, आणि भुकटी नाकात जाणार नाही असा मास्क. हे विषारी आहे, मूत्रपिंडाला अपाय करतं, लेकरं-जनावरं जवळ नकोत. आधी दार साध्या पाण्याने पुन्हा सपाटून धुवा, कॉस्टिक रेषांच्या आत बसलेलं असतं. मग ओल्याच लाकडावर ऑक्झॅलिक लावा आणि उभे राहून बघा. काही मिनिटांत रंग उतरायला लागेल. मग परत धुवा. न धुता वाळू दिलं तर पांढरे स्फटिक राहतात, पुढे घासताना त्यांची धूळ नाकात जाते.

रंधा_रंग
यात एक भर. डाग कसला आहे हे आधी ठरवायचं असेल तर एका डागावर ब्लीचचा एक थेंब टाकायचा. उजळला तर बुरशी. तसाच राहिला तर लोखंड किंवा क्षार, तिथे ऑक्झॅलिक. पण त्याच जागी एकापाठोपाठ एक दोन्ही नको, वर कोरडी_फळी यांनी सांगितलंय तेच कारण.

आणि पोलादी लोकर, तारेचा ब्रश, यांना बाहेरच्या लाकडाजवळ फिरकू देऊ नका. त्यांचे बारीक कण रेषांत अडकतात आणि पहिल्या पावसात सगळीकडे काळे ठिपके उगवतात. खिळे-स्क्रू बदलायचेच असतील तर स्टेनलेस.

आडवातिडवा
कॉस्टिकच्या वाटेला जायचंच कशाला? हीट गन धरा, स्क्रेपर चालवा, धुणं-बिणं काही नको.

जुनीखिडकी
हीट गन चालते, पण आधी रंग कोणत्या काळातला आहे ते बघा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे त्याआधीचं प्रत्येक दार तिथे संशयितच. तिथे २०१० पासून अशा घरांत रंग काढणाऱ्या कंत्राटदाराला प्रमाणपत्र लागतं, आणि उघड्या ज्योतीने रंग जाळायला किंवा ११०० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ५९० सेल्सियसच्या वर हीट गन चालवायला मनाई आहे. त्याच्या वर शिशाची वाफ होते, ती सरळ फुप्फुसात. कोरडं सँडिंगही तितकंच वाईट. ओलं ठेवून खरवडा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, खपल्या गोळा करून बांधा. देश कुठलाही असो, फुप्फुस तेच.

आणि मिथिलीन क्लोराइडचं रिमूव्हर कोणी सुचवायच्या आत सांगतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, बंद जागेत तळाशी साचते, माणसं मेलेली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये ते सर्वसामान्य ग्राहकांना विकणं थांबवलं. मी हात लावत नाही.

सावली
बाप रे. मी फक्त कठडा म्हटलं होतं.

माझ्या कठड्यावर आधी काय मारलंय तेच मला माहीत नाही. कसं ओळखायचं?

पाचर
ताई, तीन सोप्या परीक्षा.

पाण्याचे थेंब टाका. मणी होऊन बसले तर अजून जुना लेप शिल्लक आहे. पटकन शोषले गेले तर लाकूड उघडं आहे.

कापडावर स्पिरिट घेऊन लपलेल्या जागी घासा. रंग मऊ होऊन कापडाला आला तर तो पाण्याचा, अॅक्रिलिक. ढिम्म राहिला तर ऑइलचा.

आणि बाजूने उजेड पाडून बघा. पोपडे सुटत असतील, कडा उचलल्या असतील तर वर थर देणारं काहीतरी, व्हार्निश किंवा पेंट. पोपडे नाहीत, नुसता रंग विटलाय, तर बहुधा आत मुरणारा स्टेन. तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं. रिमूव्हरची गरजच नाही, साफ करून पुन्हा तोच मारायचा.

निळी_शाई
ताजी खबर. ऑक्झॅलिक लावलं. खरंच डोळ्यांसमोर रंग उतरला, वरून खाली, एखादा पडदा सरकावा तसा. मालकीणबाई "हे आधी का नाही केलं?" एवढंच म्हणाल्या. खिळ्यांभोवतीचे डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. दुसरा हात मारू का?

रंधा_रंग
मारा, पण खिळे तिथेच आहेत तोवर डाग परत येणार. खिळे काढता येत नसतील तर ठोकून थोडे आत घाला, वर पुट्टी भरा. मालकीणबाईंना आजच सांगून ठेवा.

भुगा
"हे आधी का नाही केलं" हे वाक्य प्रत्येक कंत्राटदाराच्या पावतीवर छापून द्यायला हवं.

आडवातिडवा
बरं, धुणं-उजळणं झालं. आता मुद्द्याचं बोलू. वर काय मारता? गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते. मी तीन हात पॉलियुरेथेन देतो, आरशासारखं.

रंधा_रंग
आणि किती दिवस आरसा राहतो?

बाहेरच्या लाकडाचा आकार स्थिर नसतो. पावसात फुगतं, उन्हात आकसतं. वर कडक काचेसारखा थर दिला की तो कुठेतरी तडकणार. त्या तडीतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट नाही. मग थराखाली लाकूड काळं पडतं आणि पोपडे सुटतात. त्यावर दुसरा हात मारून भागत नाही, मुळापासून सगळं काढावं लागतं. म्हणजे परत कॉस्टिक, परत ऑक्झॅलिक, परत निळी_शाई यांचा चेहरा.

आत मुरणारा ऑइल स्टेन विटतो, पण पोपडे सुटत नाहीत. विटला की धुतलं, उजळलं, एक हात मारला. रंगद्रव्य असलेलाच घ्यायचा. अगदी पारदर्शक तेल अतिनील किरण अडवत नाही, त्याच्याखाली लाकूड करडं होतंच.

जुनीखिडकी
रंधा_रंग, एवढा सरसकट निकाल नको. आडव्या पृष्ठभागाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. डेकवर, पायरीवर, कठड्याच्या वरच्या पट्टीवर व्हार्निश म्हणजे आपणच काम वाढवून घेणं. पण पोर्चखालचं, ऊन क्वचितच लागणारं उभं दार? तिथे लवचीक, अतिनीलरोधक स्पार व्हार्निश नीट दिलं आणि चकाकी मंदावायच्या आत हलकं घासून ताजा हात दिला, तर वर्षानुवर्षं टिकतं. बोटींवर लोक हेच करत आलेत. अट एवढीच, देखभाल करणारा माणूस हवा. पोपडे दिसल्यावर जागा होणारा असेल तर तुमचा स्टेनच बरा.

पाचर
+१. निळी_शाईंचं दार पोर्चखाली आहे की उन्हात?

निळी_शाई
दुपारनंतर थेट ऊन. स्टेनच मारणार, ठरलं. धन्यवाद.

खुंटी
धागा उशिरा पाहिला. तेल म्हटलंत म्हणून एक राहवत नाही.

तेलाच्या चिंध्या! अळशीचं तेल, म्हणजे आपलं बेलतेल, आणि त्यावर केलेले बहुतेक ऑइल स्टेन वाळतात ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि वाळताना उष्णता सोडतात. फळीवर ती उडून जाते. चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती कोंडते आणि ढीग आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही.

फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ ला २२ व्या मजल्यावर आग लागली. लाकूडकामाला पॉलिश करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांनी अळशीच्या तेलाच्या चिंध्या तिथेच ठेवल्या होत्या, त्या पेटल्या. आग मजल्यामागून मजले चढत गेली आणि ३० व्या मजल्यावर स्प्रिंकलर होते तिथे थांबली. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. इमारत पुढे पाडावी लागली. आपल्याच धंद्यातल्या माणसांच्या चिंध्या होत्या, म्हणून सांगतो.

काम संपलं की चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या पिशवीत तर मुळीच नाही.

भुगा
आता विनोद सुचत नाहीये. माझ्या टेम्पोत मागे एक पिशवी आहे, बघून येतो.

भुगा
आलो. पसरल्या. खुंटी, दंडवत घ्या.

सावली
माझ्या कठड्याची पाण्याची परीक्षा केली, पाणी लगेच शोषलं. म्हणजे उघडं लाकूड. आज धुतलं तर उद्या स्टेन मारू का? परवा पाऊस सांगितलाय.

कोरडी_फळी
नको! हीच घाई नडते.

फळी वरून कोरडी वाटते तेव्हा आत ओलीच असते. मॉइश्चर मीटर मिळाला तर बघा, दोन सुया टोचायच्या, १५ टक्क्यांच्या खाली आला की स्टेन. एकाच जागी नको, सावलीतल्या बाजूला, खांबाच्या बुंध्याशी, वरच्या पट्टीवर असं ठिकठिकाणी टोचा. उन्हातली बाजू १२ दाखवत असते आणि मागची बाजू २२. मागची बाजू सांगेल तोच आकडा खरा धरायचा. पाऊस होऊन जाऊ द्या, मग पुन्हा मोजा.

पण महिनाभर उघडंही टाकू नका. नुसतं ऊन खात पडलं की दोन-चार आठवड्यांत वरचा थर परत सैल व्हायला लागतो आणि वर द्याल ते नीट धरत नाही. कोरडं झालं की उशीर नको.

पाचर
वाळल्यावर तंतू उभे दिसतील, मशीन असो वा ब्रश, पाण्याने थोडे उठतातच. (हे रंधा_रंग यांच्यासाठी.) ६० किंवा ८० चा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने हलका फिरवा. त्याहून बारीक नको. आतल्या कपाटासारखं गुळगुळीत केलं की छिद्रं बुजतात आणि स्टेन आत जात नाही, वर चिकट बसून राहतो.

तंतू सुटे आहेत का ते बघायला चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला केस आले तर अजून घासा.

रंधा_रंग
(कंसातलं वाचलं. मान्य.)

स्टेन लावताना एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. मध्येच थांबलात तर जोडाचा गडद पट्टा दिसतो. थेट उन्हात लावू नका, मुरायच्या आधीच वाळतो. पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते कापडाने पुसून काढा. जास्त राहिलं तर चिकट चकचकीत डाग पडतात, धूळ धरतात. कापडाचं काय करायचं ते खुंटींनी सांगितलंच आहे.

पांथस्थ_बाक
इतकं वाचलं पण मूळ प्रश्न राहिलाच की. गिऱ्हाइकाला कसं पटवायचं?

मी बोलून पटवत नाही. एक फळी निवडतो, शक्यतो सर्वांत वाईट अवस्थेतली. तिचे भाग करतो. एक तसाच, एकावर नुसता क्लीनर, एकावर क्लीनर आणि ऑक्झॅलिक, एकावर पाहिजे तर मशीनही मारून दाखवतो. मग निघून जातो. वाळल्यावर परत येतो आणि गिऱ्हाइकालाच हात फिरवायला सांगतो. डोळ्यांना चारही बरे दिसतात, तळहाताला लगेच कळतं. त्या भागांवर दोन छटांचा स्टेन पण लावून ठेवतो, म्हणजे डबीवरचा रंग आणि आपल्या लाकडावरचा रंग यावरून पुढे वाद होत नाही. त्याचा फोटो काढून कागदावर दोघांची सही.

कागदावर आणखी दोन ओळी असतात. लोखंडाचे डाग पूर्ण जातीलच याची हमी नाही, आणि लाकूड ओलं असेल तर काम पुढे जाईल. या दोन ओळींनी माझी जितकी भांडणं वाचलीत तितकी कुठल्याच रसायनाने वाचवली नाहीत.

पाचर
नमुन्यात मशीनचा भाग नीट, एक फुटावरून करा म्हणजे झालं.

पांथस्थ_बाक
केलाय. ५०० वर, ४० च्या नोझलने. तुम्ही म्हणता तसा बरा येतो. क्लीनर आधी लावलेला असेल तरच, मात्र. नुसत्या पाण्याने त्या दाबावर करडेपणा निघत नाही, आणि निघत नाही म्हणून लोक दाब वाढवतात.

रंधा_रंग
हे वाक्य मला हवं होतं. नमुन्याच्या फळीची कल्पना उचलतोय. पुढच्या डेकला मशीन घेऊन जातो, धुण्यासाठी. काटा मात्र ५०० वर टेपने चिकटवणार.

भुगा
टेप काढायला स्क्रेपर लागेल.

सावली
शेवटचा प्रश्न. कठड्याच्या पट्ट्यांची कापलेली टोकं आणि खालची बाजू, तिथे स्टेन लावायचा का? दिसत तर नाही.

जुनीखिडकी
तिथेच आधी लावा. कापलेल्या टोकातून लाकूड बाजूपेक्षा कित्येक पट जास्त पाणी पितं, कुजायला सुरुवातही तिथूनच होते. टोकांना स्टेन पाजत राहा, पिणं थांबेपर्यंत. खालच्या बाजूला एक हात पुरे.